पुढच्या दारावरची खुळखुळ

प्रिय मर्डीना,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसले आहे. रुसायचं वय गेलं आपलं, पण हे तुला कोण सांगणार? आजोबा रॉडरिक म्हणून मी रोडीना, बाबा मर्डक म्हणून तू मर्डीना. बाबांचा हट्ट तुला नावासकट मिळाला, असं आई म्हणायची ते काही खोटं नाही. मागच्या वेळी मी तुला बोलले ते रागाच्या भरात बोलले, पण चुकीचं बोलले नाही. हृदयाची गोळी मोडून अर्धी खायची नसते. "पासष्ट पूर्ण होईपर्यंत ओढायचंय गं, मग सरकारच देईल," असं तू हसत हसत म्हणालीस, जणू घरातला चहा संपत आलाय आणि दुकान उघडेपर्यंत जरा पातळ करून प्यायचा आहे. मला हसू आलं नाही. त्या रात्री मला जेवणही गेलं नाही.

तिकडे तू कामाला होतीस ते हॉटेल बंद पडलं, नोकरीबरोबर विमाही गेला, हे मला कळतं. आणि असं करणारी तू एकटी नाहीस. दर गुरुवारी मी गाडीतून म्हाताऱ्यांची औषधं घरोघरी पोचवते, तेव्हा बघते ना. पासष्टीच्या पुढचे निर्धास्त असतात. त्यांच्या आठवड्याच्या गोळ्या कागदी पिशवीतून येतात, बहुतेक भार सरकार उचलतं, आणि वर मलाच ऐकवतात की आज उशीर केलास. त्रेसष्ट-चौसष्टवाले मात्र खिडकीतून शेजाऱ्याच्या पिशवीकडे बघत असतात. वाढदिवसाची एवढी वाट तर आपण लहानपणीसुद्धा पाहिली नसेल. पण मी तुझं नाव न घेता आमच्या औषधवाल्या माल्कमला विचारलं. तो म्हणाला, "ही गोळी दिवसभर हळूहळू विरघळावी म्हणून केलेली असते. मोडलीत की सगळं औषध सकाळीच अंगात उतरतं आणि संध्याकाळी हृदय उघडं पडतं. बहिणीला सांगा." बहिणीचं आहे हे त्याला कसं कळलं, देव जाणे. माझं तोंडच तसं झालं असेल.

आणि मेलेल्यांच्या घरी उरलेल्या गोळ्या गोळा करून पाठव म्हणालीस, त्याला मी नाही म्हटलं, म्हणून तू फोन ठेवलास. आपल्याकडे काही वाया घालवत नाहीत, मेलेल्याचे बूटसुद्धा कुणाच्या तरी पायात जातात, हे मलाही माहीत आहे. पण त्या गोळ्यांना मी हात लावणार नाही. का, ते फोनवर सांगितलं असतं तर तू उडवून लावलं असतंस.

तुला अ‍ॅनी बेल आठवते ना, पुलापलीकडची, मोठ्या हेक्टरची बायको? गेल्या हिवाळ्यात एका गुरुवारी मी तिच्या स्वयंपाकघराच्या दाराने आत गेले तर म्हणाली, "आज दोनदा कशाला आलीस? मघाशी पुढच्या दाराच्या मुठीला पिशवी लावून गेलीस ना? गोळ्या खुळखुळल्या की." पुढचं दार आपल्याकडे कोण वापरतं? पाद्री येतो तेव्हा उघडायचं, नाहीतर मेलेल्या माणसाची पेटी बाहेर काढायची तेव्हा. तिने तर आतून बटाट्याची पोती टेकवून ठेवली होती. मी म्हटलं, मी आत्ताच येतेय बाई. हेक्टर शेगडीपाशी बसला होता, आणि त्याचे कान असे की पुलावर आलेली गाडी कुणाची ते सांगायचा. तो म्हणाला, "मला काही ऐकू आलं नाही. हिला आता काहीही ऐकू येतं." पुढची पिशवी पोचायच्या आत ती पोती बाजूला करावी लागली. हेक्टरला त्याच दाराने बाहेर काढलं.

मी म्हटलं, योगायोग. मग सँडी आणि कर्स्टी, ते दोघे म्हातारे भाऊबहीण. सँडी नुसत्या मोज्यांवर बर्फात उभा राहून पुढच्या दाराची मूठ चाचपत होता आणि कर्स्टी खिडकीतून त्याला हसत होती, "अरे, कुणी नाहीये तिथे, आत ये वेड्या." तिला खुळखुळ ऐकू आली नव्हती. काही दिवसांत तीच वारली. नंतर वरच्या रस्त्यावरही असंच झालं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की घरातले बाकीचे ऐकतात, आणि ज्याच्यासाठी ती खुळखुळ असते फक्त त्यालाच ऐकू येत नाही.

मरणाआधी घरात वाजणाऱ्या चाहुलीच्या गोष्टी ऐकत आपण दोघी मोठ्या झालो. ॲलेककाका तिकडे बॉस्टनला वारला, पण त्याआधी पेटीसाठी ठेवलेल्या फळ्या आपल्याच शेडमध्ये वाजल्या होत्या. माणूस कितीही लांब जाऊ दे, चाहूल तो जन्मला त्या घरी येते, असं बाबा म्हणायचे. शेजारची ह्यूघीना म्हणते, "आता पेट्या शहरातून तयार येतात, शेडमध्ये फळ्या उरल्यात कुठे? मग चाहूल वाजणार तरी कशावर?" माल्कम मात्र म्हणतो, वारा असेल. मला त्याचं पटायला हवं होतं. म्हणून मी आमच्या पुढच्या दाराला गोळ्यांची एक पिशवी बांधून वाऱ्यात ठेवली आणि आत बसून कान लावला. वाऱ्याने कागद फडफडतो. गोळ्या अशा वाजत नाहीत.

आता मंगळवारचं सांगते. भर दुपार होती, ऊन पडलेलं, समुद्र अगदी सपाट, पान हलत नव्हतं. ह्यूघीना चहाला आली होती, मी बॅनॉकची जाड भाकरी कापत होते. त्याआधी तुला फोन लावला होता, तू उचलला नाहीस. आणि पुढच्या दाराची मूठ किंचित फिरली, आणि गोळ्या खुळखुळल्या. सावकाश, कुणीतरी पिशवी नीट अडकवून गेल्यासारख्या. ह्यूघीनाचा कप तोंडापाशी तसाच राहिला. "तुला ऐकू आलं?" मी विचारलं. "आलं. तुला?" "मलाही." तिचा चेहरा आधी सैल झाला, मग तिने फोनकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी जाऊन दार ढकललं. जुना रंग चरचरला. मुठीला काही नव्हतं, आणि पायरीपुढचं गवत कुणी तुडवलेलं नव्हतं.

ह्यूघीनाला तिचं स्वतःचं घर आहे, तिच्या माणसांची चाहूल तिथे वाजेल. या घराची माणसं आता दोनच उरली आहेत, मर्डीना, आणि मला ऐकू आलं. तुला घाबरवायला हे लिहीत नाही, असं लिहिणार होते. पण घाबरवायलाच लिहिते आहे. तुझ्याशिवाय मला कोण आहे? ह्यूघीनाचा नवरा डॉनी शुक्रवारी त्याच्या तेलविहिरींच्या कामावर तुझ्या तिकडे चालला आहे, हे पत्र त्याच्याच हाती देते. तुझ्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाशी मी बोलून ठेवलं आहे. वाढदिवसापर्यंतच्या अख्ख्या गोळ्यांचं मी बघते, यावर वाद नको. डॉनी तिथून पिशवी घेऊनच तुझ्याकडे येईल. त्याला मी बजावलंय की बेल वाजवायची नाही, हाक मारायची नाही, आधी दाराशी उभं राहून पिशवी चांगली खुळखुळवायची, आणि मगच दार ठोठावायचं. तू हे वाचत असशील तेव्हा तो बाहेर उभा असेल, तुझ्या घशाखाली अख्खी गोळी उतरल्याशिवाय जाणार नाही. तू फक्त मला फोन करून एवढंच सांग की ती खुळखुळ तुला ऐकू आली. नसेल आली, तरी फोन कर.

तुझ्या फोनची वाट बघत बसलेली, तुझीच,
रोडीना