नवसाचा बोकड ड्युटीवर

मु. गडब, ता. पेण
होळीनंतरचा मंगळवार

तीर्थरूप गोदूआत्येस,

पायावर डोकं ठेवते, पण गुडघ्याला धक्का न लावता. गेल्या खेपेला मी वाकले आणि तू "आई गो" म्हणून अशी ओरडलीस की शेजारची माणसं धावत आली. गुडघा आता कसा आहे? नम्रतावहिनी रोज तेल लावते, की टीव्हीसमोर नुसती बाटली ठेवून देते? (वहिनी, पत्र तूच वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे, म्हणूनच लिहिलं. मधलं काही गाळू नकोस.) फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. तर फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतेस. मागे मी जितेशला ताप आलाय म्हटलं, तर तू गावभर तो कामावरून आला नाही म्हणून सांगितलंस.

इकडे सगळे मजेत. जितेशची कंपनीत दुसरी शिफ्ट चालू आहे, त्यामुळे आमचं नवराबायकोचं भांडण फक्त सकाळी होतं. तुझ्या चारही बकऱ्या अंगाने भरल्या आहेत. आणि सरपंचाचं तर विचारूच नकोस. (वहिनी, तू घरात नवी आहेस म्हणून सांगते. सरपंच म्हणजे आत्येचा बोकड. बोलावलं नसताना प्रत्येकाच्या दारात उभा राहतो आणि काहीतरी खाल्ल्याशिवाय हलत नाही, म्हणून हे नाव. माझी डेपोतली माळीकामाची नोकरी हंगामी, ती कायम व्हावी म्हणून आत्येने गावदेवीला बोकड बोलला, तो हाच. काम झालं की चैत्रातल्या यात्रेत द्यायचा, असा नवस.)

मी कुठल्या डेपोत आहे ते पत्रात लिहायला बंदी आहे, लष्कराची जागा. (गडबहून कासूकडे येताना रिक्षावाला "मिल्ट्री आली" म्हणून जिथे ओरडतो, तोच. पण मी काही बोलले नाही.) तर गेल्या पावसाळ्याच्या शेवटी वरून हुकूम आला की आमच्या विभागातल्या झाडून सगळ्या छावण्यांनी आणि डेपोंनी पर्यावरण व्यवस्थापन प्रणाली लावायची. म्हणजे काय, तर आपण जे जे करतो त्याने हवेला, पाण्याला, मातीला काय त्रास होतो ते आधी कबूल करायचं, मग तो कमी करायचा, मग बाहेरचा माणूस येऊन तपासणार आणि पास झालो तर सर्टिफिकेट देणार. कबूल करायचं म्हटल्यावर लष्करात अशी शांतता पसरली की मला वाटलं कोणीतरी गेलं. पण साहेब कामाला लागले. मेसच्या खरकट्याला वेगळा डबा, जुन्या बॅटऱ्यांना वेगळी खोली, गाडीचं तेल सांडलं तर टाकायला वाळूच्या बादल्या. धोरण मोठ्या फलकावर रंगवलं आणि ते सगळ्यांना पाठ पाहिजे म्हणाले. आमचा न्हावी साहेबांच्या गालावर वस्तरा ठेवून "प्रदूषणास प्रतिबंध" असं घोकताना मी या कानांनी ऐकला आहे.

सगळं जमलं, गवतावर अडलं. गोदामांत काय आहे ते मला माहीत नाही आणि तूही विचारू नकोस, पण त्यांच्याभोवती सुकं गवत ठेवायचं नाही एवढं खरं. पूर्वी आम्ही औषध मारायचो. ते पावसाने ओढ्यात आणि ओढ्याने धरमतरच्या खाडीत जायचं, तेव्हा औषध बंद. पेटवावं, तर त्या गोदामांजवळ काडी ओढणारा शूर अजून जन्माला यायचाय. मशीन आणावं, तर ते दगडावर घासून ठिणगी उडवतं. या गवतावर मीटिंग बसली. मला मागे उभं केलं होतं, पाय दुखत होते, चहा काही फिरत नव्हता, आणि एक एक जण उठून इंग्रजीत गवताचं वर्णन करत होता. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, एवढं बोलण्यापेक्षा चार बकऱ्या सोडा ना! मी चिडून बोलले होते, आत्ये. पण आमचे साहेब पहाडातले, त्यांची आई अजून बकऱ्या पाळते. त्यांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. लष्करात एकदा लिहिलं की ते कोणीतरी करावंच लागतं, आणि ते कोणीतरी म्हणजे जी बोलली ती.

म्हणून मी दिवाळीनंतर टेम्पो घेऊन तुझ्या दारात आले. मी फक्त बकऱ्या मागितल्या होत्या, आठवतं ना? चार चढवल्या, फळी लावली, आणि मग तू स्वतः सरपंचाचं दावं धरून लंगडत आलीस. त्याला हाताने गूळ भरवलास आणि म्हणालीस, "ह्याला पन ने गो. चरू दे हवा तितका. परत आनायची घाई नाय." मी मनात म्हटलं, आत्येला फुकटचा चारा दिसला. रोह्यापासून नागोठण्यापर्यंत मी आणि जितेश तुझ्या हिशेबीपणावर हसत होतो.

गेटवर हरयाणाचा हवालदार. त्याने टेम्पो अडवला आणि म्हणाला, बिना पास परिंदा भी अंदर नहीं जाएगा. मी म्हटलं, ही पाखरं नाहीत, बकऱ्या आहेत. झालं, पाचही जणांचे फोटो काढून पास बनवायला लागले. बकऱ्या गरीब, सरळ बघत उभ्या राहिल्या. सरपंच समोर बघेल तर शपथ. शेवटी मी फोटोवाल्याच्या डोक्यावर वालाचा पाला धरला, तेव्हा कुठे त्याने मान वळवली. कामाचं स्वरूप म्हणून गवत कापणे लिहिलं, ओळखीची खूण म्हणून दाढी. पास गळ्यात घातला, तर त्याने तो तिथेच खाल्ला. दुसरा प्लॅस्टिकमध्ये घालून दिला आहे, तो अजून टिकून आहे. हल्ली हवालदार त्याला आधी सोडतो आणि मला थांबवून माझा पास बघतो.

काम मात्र तुझ्या जनावरांनी चोख केलं. संक्रांतीपर्यंत गोदामांभोवतीची पट्टी अशी साफ झाली की तिथे बसून पत्ते खेळावेत. पण सरपंचाने एक घोळ घातलाच. वृक्षारोपणाच्या दिवशी एका जनरलसाहेबांनी स्वतःच्या हाताने बदामाचं रोप लावलं होतं, नावाची पाटी होती, कुंपण होतं. एका सकाळी बघते तर पाटी आहे, कुंपण आहे, आणि मधे एक काडी. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. तपासणी तोंडावर आली होती आणि त्यांनी मला आधीच बजावलं होतं, सर्टिफिकेट मिळालं तर या कामाला एक कायम जागा मंजूर होईल आणि ती तुझी. नाही मिळालं तर बकऱ्या घरी, आणि पाठोपाठ तू. मी घाबरून तुला फोन केला की सरपंचाला परत पाठवते, तर तू म्हणालीस, "ऱ्हाव दे गो त्याला, पोर हाय ते." आत्ये, त्याची शिंगं माझ्या हाताएवढी आहेत.

आता खरी गंमत ऐक. तपासणीला पुण्याहून एक बाई आल्या. पायात बूट, हातात पाण्याची स्वतःची बाटली, चेहऱ्यावर हसू नाही. त्यांनी डबे उघडून बघितले, वाळूच्या बादलीत हात घातला, न्हाव्याला धोरण विचारलं (त्याने एका दमात म्हटलं आणि शेवटी "जय हिंद" जोडलं). आणि मी त्या वेळी गॅरेजच्या मागे सरपंचाशी झटत होते. तिथला एक तुकडा काही केल्या तो चरत नव्हता, आणि त्याच्यामागून बकऱ्याही जात नव्हत्या. सगळं मैदान साफ आणि तिथे कंबरभर गवत. मी त्याला आळशी म्हटलं, नालायक म्हटलं, यात्रेची आठवण करून दिली, काही उपयोग नाही. बाई येताना दिसल्या तशी मी त्याची शिंगं धरून ओढायला लागले. त्याने उलटा हिसका दिला आणि मी गवतात मटकन बसले. उठते तर बाई, साहेब, हवालदार सगळे समोर. मी लाजून पाठ फिरवली, तर बाई माझ्या मागे येऊन माझ्या पिवळ्या ड्रेसचा वास घ्यायला लागल्या. मला वाटलं ह्या बाईंचं काहीतरी बिनसलंय. तर मागे हा भलामोठा काळा डाग, आणि त्याला तेलाची घाण.

तिथल्या तिथे खणायला लावलं. खाली कुठल्या काळातला लोखंडी पाइप, कोणाच्या नकाशात नाही, आणि थेंब थेंब गळतोय. दोन हातांवर ओढा. साहेबांचा चेहरा बघवत नव्हता. मी तर मनात टेम्पो ठरवायला घेतला होता. साहेबांनी तिथेच माणसं धाडून गॅरेजच्या तेलटाकीची चावी बंद करून घेतली, वाळू टाकून घेतली. बाईंनी सगळं होईपर्यंत बघितलं आणि विचारलं, हे शोधलं कोणी? तेव्हा हवालदाराने टाच आपटली आणि सरपंचाकडे बोट केलं. बाई पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, चूक सापडली म्हणून मी नापास करत नाही, झाकली असतीत तर केलं असतं. पाइप बदलला, घाण झालेली माती रीतसर काढून नेली, आणि मागच्या आठवड्यात सर्टिफिकेट आलं. अहवालात बाईंनी लिहिलंय की इतर डेपोंनीही बकऱ्यांचा विचार करावा. आता साहेबांना कुठून कुठून फोन येतात आणि ते बोकडाची माहिती इंग्रजीत देतात.

आणि आत्ये, मी कायम झाले. कागद हातात पडला आणि मी त्याच मैदानात बसून रडले. आईबापामागे तू मला वाढवलंस, माझ्यासाठी देवीपुढे पदर पसरलास, ते सगळं एकदम आठवलं. सरपंच शेजारी येऊन उभा राहिला. मला वाटलं समजूत घालतोय, पण त्याची नजर कागदावर होती, म्हणून कागद ओढणीखाली धरला.

तर नवस फळला. यात्रेला मी आणि जितेश येतो, आणि बोकड आदल्या दिवशी वेळेवर पोचेल. काळजी नसावी. नम्रतावहिनीला नमस्कार, गुडघ्याला तेल.

तुझी लाडकी आणि आता कायम,
वैशाली

ता. क. बोकड पोचणार नाही. वरची ओळ लिहिताना जितेश खांद्यावरून वाचत होता, आणि त्याने यात्रेसाठी मसाला कुटायलाही टाकलाय. आता तो कामावर गेला. आत्ये, मला नोकरी लागावी म्हणून तू बोकड बोललीस आणि ती नोकरी मला त्या बोकडाने मिळवून दिली. त्याच्या मटणाचं ताट पुढ्यात घेऊन मी कशी बसू? घास उतरणार नाही. माझं एवढं ऐक, गुरवाला सांगून देवीला कौल लाव. बोकडाऐवजी पाच नारळ, खणानारळाची ओटी आणि वर एक कोंबडा चालेल का, विचार. कोंबडा मी पेणहून आणते, चांगला तुरेवाला. नवस मोडायचा म्हणजे तुझ्या जिवावर येईल हे मला कळतं, म्हणून तर एवढं लांबण लावून पत्र लिहिलं.

आणखी ता. क. कौल डावा पडला तर देवीला सांग की अडवणूक माझी नाही, लष्कराची आहे. हवालदार म्हणतो, सरपंच ड्युटीवर आहे, त्याला बाहेर काढायला वरचा शिक्का लागतो, आणि शिक्का येईपर्यंत पुढचा चैत्र येईल.

अगदी शेवटचं. पाकीट चिकटवायला घेतलं आणि मला एकदम तो टेम्पो आठवला. मी बकऱ्या मागितल्या होत्या, बोकड नाही. तो तू आणून चढवलास, दुखत्या गुडघ्याने. गूळ भरवलास. घाई नाय म्हणालीस. फोन केला की माझ्याआधी तो जेवला का विचारतेस. आणि पाठवलास कुठे, तर जिथे बंदूकवाला पहारा आहे, जिथे गुरव काय, सगळी यात्रा आली तरी पासाशिवाय आत येणार नाही! गो आत्ये, खरं सांग, तू त्याला चरायला पाठवलास की लपवायला? (नम्रतावहिनी, इथे थांब आणि तिच्या तोंडाकडे बघ. हसत असेल तर मला फोन कर, मी कौलाची वाट न बघता कोंबडा घेऊन येते. रडत असेल तर तिला सांग, तो जेवला.)