थोरलीच्या नावे गाडी, इंजिनासह

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकसष्ट, धंदा शिवणकाम, पती हयात नाहीत, दोन मुलींची आई, हे मृत्युपत्र माझ्या शिवणखोलीत बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाही माणसाचे दडपण नाही. भीतीचे आहे, पण वकीलसाहेबांना विचारले तेव्हा ते म्हणाले की कायदा ते दडपण धरत नाही. याआधी मी एक मसुदा केला होता. माझ्यामागे गाडी लगेच भंगारात काढावी असे त्यात लिहिले होते. तो मी फाडला आहे. का फाडला ते पुढे येईल.

एक. राहते घर दोघी मुलींचे, निम्मे-निम्मे. तळमजल्यावरची शिवणखोली, तिच्यातली उरलेली दोन मशीन, मोठी कात्री आणि कापडाचे कपाट फक्त धाकटीचे. धाकटीला जन्मापासून ऐकू येत नाही. तिचे हात माझ्यापेक्षा चांगले आहेत आणि गिऱ्हाइके आता तिलाच विचारतात, म्हणून ही खोली तिच्याकडून कोणी काढून घेऊ नये. बँकेतली ठेवही तिचीच. रस्त्याकडेची जमिनीची पट्टी या घरात धरू नये. ती विकली आहे. तिचे इंजिन झाले आहे.

दोन. ज्या गाडीमुळे हे सगळे लिहावे लागत आहे तिची हकिगत इथे सांगणे भाग आहे, नाहीतर पुढची कलमे कोणाला कळायची नाहीत.

ही गाडी माझ्या यजमानांची. चारही चाके ओढणारी, डिझेलची, जुनी. डोंगरावरच्या वस्तीतून खालच्या गावात माणसे आणणे-नेणे हा त्यांचा धंदा होता. वरचा रस्ता मुरमाचा, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. एकदा उतरताना गाडीत आम्ही तिघेच होतो. ते, मी, आणि मागे थोरली, तेव्हा शाळेत जाणारी. खाणीच्या वळणाआधी इंजिनातून आधी ठोकल्यासारखा आवाज आला, मग काहीतरी दाताखाली भरडावे तसा, आणि मग इंजिन जागीच आवळले. चाके फिरायची थांबली, पण गाडी थांबली नाही. ती मुरमावरून तशीच घसरत चालली. त्यांनी क्लच दाबून चाके मोकळी केली आणि ब्रेकवर उभे राहिल्यासारखे राहिले. मला म्हणाले, "दार उघडून धर. मी सांगितलं की पोरीला घेऊन उडी मार."

मी दार उघडून धरले. खाली बघितले. त्या बाजूला जमीन नव्हती.

गाडी थांबली तेव्हा पुढचे डावे चाक हवेत होते. आम्ही त्यांच्या बाजूच्या दारातून एकेक करून बाहेर आलो. कोणाला खरचटलेसुद्धा नाही. लोक म्हणाले, नशीब बलवत्तर. मी मात्र त्या दिवसापासून साधी बसची पायरी चढतानाही दांडी दोन्ही हातांनी धरते. त्यांनी पुन्हा गाडी हातात घेतली नाही. ओढून आणून शेडमध्ये लावली आणि वर ताडपत्री टाकली. पुढे काही वर्षांनी ते साध्या तापाने, घरात, अंथरुणावर गेले. वाईट तर वाटलेच, पण ते जमिनीवर गेले याचे मला मनातून बरे वाटले, हेही खरे आहे.

तीन. माझ्या दिरांविषयी. गाडी शेडमध्ये असताना त्यांनी आधी रेडिएटर नेला, मग स्टार्टर, मग बॅटरीची पेटी. प्रत्येक वेळी म्हणाले, "वहिनी, गंजून जाण्यापेक्षा कोणाच्या उपयोगी पडेल." कोणाच्या पडले ते सांगितले नाही. यजमानांच्या माघारी तर ते भंगारवाल्यालाच घेऊन दारात आले, आणि धाकटी शेडच्या दारात आडवी बसली म्हणून परत गेले. सबब दिरांना माझ्या मिळकतीत कसलाही हक्क नाही, आणि मुलींच्या वतीने कुठेही सही करण्याचा अधिकार नाही. त्यांचा अगदीच विसर पडला असे वाटू नये म्हणून खालच्या कलमातला तडा गेलेला क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, मी त्यांना देत आहे. वजनदार आहे. भंगारात भाव येईल.

चार. इंजिन का बांधले.

थोरली खालच्या दवाखान्यात नर्स आहे. वरच्या वस्तीला जाणारी गाडी बंद झाल्यापासून आजारी माणसाला खुर्चीला बांधून चार जण उतरवून आणतात. गेल्या थंडीत खाणीतल्या एका कामगाराच्या बायकोला तसे आणले. रक्त जात होते. दवाखान्याच्या दारात खुर्ची टेकवली तेव्हा ती गेलेली होती. थोरलीने तिला पुसून घेतले, घरी आली, बराच वेळ हात धूत राहिली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, शेडची किल्ली दे."

मी म्हटले, हरवली. ती माझ्या कमरेलाच होती. थोरलीने ती पुन्हा मागितली नाही, हिसकावलीही नाही. दुसऱ्या दिवशी सबुरी मिस्त्रीला घेऊन आली. त्याचे नाव वेगळे आहे, पण कुठलेही काम आणले की तो आधी "सबुरीनं घ्या" म्हणतो, म्हणून सगळे त्याला सबुरीच म्हणतात. त्याने सांगितले की हेड उतरवून, नव्या रिंगा आणि गॅस्केट टाकून इंजिन चालू करून देता येईल, थोडक्यात भागेल. थोरली लगेच हो म्हणाली. तेवढे तिच्या पगारात बसत होते.

त्या रात्री मला कळून चुकले की ही पोरगी जाणार. मी किल्ली दिली तरी जाणार, नाही दिली तरी कुलूप तोडून जाणार, आणि तेही अर्धवट इंजिन घेऊन. मग मी मिस्त्रीकडे गेले आणि म्हटले, सगळे खोला. माझी पोरगी त्या उतारावर जाणार असेल तर जुने काही आत ठेवू नका.

तो म्हणाला, काकू, एवढ्या खर्चात दुसरी चालती गाडी येते. ते खरेच होते. पण दुसऱ्या गाडीच्या पोटात काय आहे हे मला कोण सांगणार? या इंजिनाचा प्रत्येक तुकडा मी हातात घेऊन पाहिला आहे. तेलाचा पंप झिजला होता, त्यामुळे तेल चढेना, म्हणून बेअरिंग वितळून क्रँकला चिकटले होते, आणि एक पिस्टन लायनरमध्ये, म्हणजे तो ज्या नळकांड्यात वरखाली होतो त्यात, असा रुतला होता की तो लाकडाचा ठोकळा ठेवून घणाने काढावा लागला. हे सगळे त्याने मला दाखवले. झोप उडायची ती आणखी उडाली.

खर्च कशातून केला ते मुलींना माहीत असावे म्हणून लिहिते. ब्लॉक लेथवर देऊन चारही लायनर नवे बसवले, नवे पिस्टन, नव्या रिंगा: त्यात जमिनीची पट्टी गेली. क्रँक, बेअरिंगचा संच आणि तेलाचा पंप यांत माझ्या आईच्या बांगड्या गेल्या. हेड सपाट करून घेणे, व्हॉल्व, टायमिंगचे गिअर, पाण्याचा पंप, क्लचची प्लेट, आणि दिरांनी नेलेले रेडिएटर, स्टार्टर व बॅटरीची पेटी नव्याने घेणे यासाठी कडा शिवायची दोन्ही मशीन विकली. डिझेलचा पंप आणि नोझल तपासून नीट करून घेण्याचे पैसे थोरलीने दिले. मिस्त्री जिथे जिथे म्हणाला की हे चालून जाईल, तिथे तिथे मी म्हटले, नवे टाका. शेवटी तो वैतागून म्हणाला, "काकू, आता फक्त हॉर्न जुना राहिलाय." मी म्हटले, तोही बदला. त्या वळणावर हॉर्न लागतो.

पाच. बाजारातल्या सुट्या भागांच्या दुकानदाराविषयी. त्याने मला क्रँक नवा म्हणून दिला. लेथवाल्या काकांनी तो पुसला, तडा असला तर दिसावा म्हणून रंग लावून पाहिला आणि मला बोलावले. केसाएवढी रेघ होती, वरून घासून चकचकीत केलेली. मी तो क्रँक हातगाडीवर घालून दुकानात परत नेला. दुकानदार म्हणाला की बाई, शिवणाऱ्या माणसाला यातले काय कळणार. मला उभे राहवेना, म्हणून मी त्याच्या गल्ल्यासमोरच्या स्टुलावर बसले. त्याला वाटले मी धरणे धरले. गिऱ्हाइके बघू लागली. दिवस मावळायच्या आत त्याने चांगला क्रँक काढून दिला, आणि हा घेऊन जा, माझ्या दुकानात नको, म्हणून तडा गेलेलाही माझ्याच गळ्यात मारला. त्या माणसाला मी माफ केलेले नाही. ही रेघ दिसली नसती तर काय झाले असते ते मी रोज बघते, डोळे मिटले की. माझ्या मृत्यूनंतर तो भेटायला आल्यास मुलींनी त्याला पाणी द्यावे, बसायला सांगू नये.

सहा. गेल्या रविवारी चाचणीची फेरी झाली. मिस्त्री येणार होता, पण मी म्हटले, मी बसते. पोरीला त्या उतारावर एकटी सोडायची नाही असे मी ठरवले होते. धाकटी दाराशी उभी राहून आमच्याकडे एकटक बघत होती. माझ्या पदराचे टोक दारात अडकले होते ते तिने सोडवून आत सरकवले.

चढताना काही झाले नाही. इंजिन नवे असल्यामुळे दमाने चालवायचे होते, आणि थोरली तशी चालवत होती, अगदी वडिलांसारखी, अंगठे स्टिअरिंगच्या बाहेर ठेवून. उतरताना खाणीचे वळण दिसू लागले आणि मला वास आला. जळाल्याचा. मी इंजिनाचा आवाज ऐकू लागले, आणि मला तो ठोकल्यासारखा वाटला. तो ठोकल्यासारखा नव्हता, हे मला आज माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हते. मी दार उघडले. चालत्या गाडीत, दरीच्या बाजूचे. एक पाय बाहेर काढला.

थोरली ओरडली नाही. समोर बघतच म्हणाली, "आई, वास नव्या रंगाचा आहे. दार लाव."

मला हात हलवता येईना.

"आई, मलापण भीती वाटतेय. तू दार उघडं ठेवलंस की मला तुझ्याकडे बघावं लागतं. मग रस्त्याकडे कोण बघणार?"

मी दार लावले. वळण केव्हा गेले ते मला आठवत नाही. खाली सपाटीला आल्यावर तिने गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. तिने हात काढले तेव्हा स्टिअरिंग ओले होते. सपाटीवर वाट बघत थांबलेल्या मिस्त्रीने बॉनेट उघडून पाहिले. सायलेन्सरच्या नळीवरचा नवा रंग करपला होता, बाकी सगळे जागच्या जागी होते. मी त्याला विचारले, हे इंजिन पुन्हा कधी आवळणार नाही ना? त्याने फडक्याने हात पुसले. मग म्हणाला की तेल रोज बघा, आवाज बदलला तर थांबा, यंत्र आहे काकू. मला 'नाही आवळणार' म्हणणारा माणूस हवा होता. पण तो खोटे बोलला नाही म्हणून मी त्याला मानते.

घरी आले आणि जुना मसुदा फाडला. गाडी भंगारात काढा असे लिहून मी पोरीला वाचवत नव्हते. मी गेल्यावर ती दुसरी एखादी गाडी घेऊन गेली असती, जिच्या पोटात काय आहे ते कोणी पाहिलेले नाही.

सात. म्हणून ही गाडी, इंजिनासह, शेडसह आणि यजमानांच्या पान्ह्यांच्या पेटीसह, थोरलीच्या नावे करत आहे. तिने ती केव्हा चालवावी आणि केव्हा बंद करावी हे तिचे ती ठरवील. कसलीही अट घातलेली नाही. घालायच्या पुष्कळ होत्या.

आठ. हे कलम लिहायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. वकीलसाहेबांनी सांगितले, ते लिहिलेच पाहिजे. मी आणि थोरली एकाच वेळी, किंवा थोरली माझ्या आधी गेल्यास, सर्व मिळकत धाकटीची. व्यवहार शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी पाहावेत. त्यांना धाकटीच्या खुणा कळतात आणि माझे दीर त्यांना घाबरतात. यापुढे या विषयावर मला काही लिहवत नाही.

नऊ. परवा, शनिवारी, पहिली फेरी आहे. वरून दोन म्हातारी माणसे आणि एक बाळंतीण आणायची आहे. मी गाडीत बसणार नाही. माझी जागा बाळंतिणीला द्यावी. मी शेजारी बसले तर थोरलीला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात, रस्ता आणि मी. मी घरीच राहीन. भ्यायचे ते इथे भिईन, धाकटीजवळ बसून बटणांची काजे करत. इथून वळण दिसत नाही. तिला आवाज येत नाही आणि मला दिसत नाही, तेव्हा आम्ही दोघी सारख्याच. गाडी परत आल्यावर थोरलीला मी विचारणार नाही, काय झाले म्हणून. जेवायला वाढीन.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला. तो माझा आहे, आणि दोघा साक्षीदारांच्या समोर त्यावर सही करत आहे. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असा नियम असल्याने या दोघांसाठी काही ठेवलेले नाही. मिस्त्री थोडा हिरमुसला, पण सही करायला आला. माझी सही बँकेतल्या सहीशी जुळणार नाही. ती हात स्थिर असतानाची आहे. ही वाकडी झाली आहे, ती माझीच समजावी.

(सही) मृत्युपत्र करणारी, शिवणकाम करणारी बाई

साक्षीदार:
१. (सही) सबुरी, इंजिनमिस्त्री. बाईंनी माझ्यासमोर सही केली. तेल आज सकाळी मी स्वतः पाहिले आहे, बरोबर आहे.
२. (सही) लेथवाले काका. समक्ष.

ठिकाण: राहत्या घरातली शिवणखोली
दिनांक: १४ मार्च २०२४, गुरुवार