तुझा सैल झालेला ब्लाऊज

आई, तुझं मशीन आता तलासरीला माझ्या खोलीत आहे. खिडकीपाशी ठेवलंय, उजेड डाव्या बाजूने येईल असं, कारण तूही तसंच ठेवायचीस. पट्टा दोनदा बदलला, पण पायडलची कुरकुर काही गेली नाही. शाळेतून आले की मी चहा घेते आणि बसते. आजूबाजूच्या बायका येतात. कुणाला कुर्त्याच्या बाह्या आखूड करून हव्या असतात, कुणाला जुन्या साडीचा पंजाबी ड्रेस, कुणाला पोराच्या फाटक्या जीन्सची बाजाराची पिशवी. मी शाळेत शिकवते हे त्यांना माहीत आहे, तरी त्या मला शिवणवाल्या बाई म्हणतात, आणि मला ते आवडतं. तू होतीस तोवर या मशीनवर मी एक सरळ टीप धड मारली नाही. तू गेल्यावर शिकले. कुणाकडून शिकले म्हणशील तर तुझेच जुने ब्लाऊज उसवून उसवून शिकले.

कैनाडच्या घरात हे मशीन ओटीवर असायचं. सकाळी तू चिकूच्या वाडीत जायचीस, दुपारी भात खाल्लास की मशीनवर. नवं कापड तुझ्या हाताखाली क्वचितच आलं. लोक आणायचे ते फाटलेलं, विटलेलं, आखूड झालेलं. तू ते उन्हात धरून बघायचीस, कुठे विरलंय, कुठे अजून जीव आहे, आणि मग म्हणायचीस, "ठेवून जा." बाबांच्या पँटचं माझं दप्तर झालं, मागचा खिसा तसाच ठेवून, कंपासपेटीसाठी. त्यांची छत्री मोडली तेव्हा तिच्या काळ्या कापडाचं तू त्या दप्तरावर पांघरूण शिवलंस. पावसात वर्गातल्या सगळ्यांची पुस्तकं भिजायची, माझी कोरडी. आणि ते पडदे आठवतात? वाडीच्या गुजराती शेठाणीने जुने पडदे काढून दिले होते, ही एवढाली नारिंगी फुलं. "आ पडद्यांचं तू काय करशील, बेन?" तिने विचारलं. तू म्हणालीस, "बघते." दसऱ्याला आमच्या पाड्यातल्या सात मुली त्या नारिंगी फुलांचे फ्रॉक घालून शाळेत आल्या. नवीन आलेल्या गुरुजींनी विचारलं, तुम्ही सगळ्या सख्ख्या बहिणी का ग? आम्ही सातही जणी एका सुरात हो म्हणालो. तू हे ऐकून इतकी हसलीस की सुईत दोरा ओवता येईना तुला.

तू मला एकदाच मारलंस. मी नववीत होते. कुणा बाईचा जुना ब्लाऊज उसवायला तू मला दिला होतास आणि मला खेळायला जायचं होतं. मी दोन्ही बाजू धरून टर्रकन ओढल्या. शिवण सुटली, सोबत कापडही गेलं. तू माझ्या पाठीत धपाटा घातलास आणि ब्लाऊज हातातून काढून घेतलास. "ओढतेस काय? बाईनं तो लग्नात घातलेला हाय. एकेक टाका कापायचा." मग संध्याकाळभर तू त्या फाटलेल्या जागी आतून तुकडा लावत बसलीस. मी तेव्हाच ठरवलं की हे काम आपण करायचं नाही. मी शिकेन, नोकरी करेन, कपडे दुकानातून घेईन. तसंच केलं मी. तलासरीला शाळेत लागले, इथेच खोली घेतली, दर शनिवारी तुझ्याकडे यायचे. बाबा तोवर गेले होते. मी आले की तू माझ्या अंगावरचा विकतचा ड्रेस हातात धरून आतली शिवण बघायचीस आणि म्हणायचीस, "माया काहीच सोडत नाहीत ग हे लोक. अंगानं भरलीस तर काय करशील?" शिवणीच्या आत जास्तीचं कापड दाबून ठेवायचं, म्हणजे पुढे वाढवता येतं, याला तू माया म्हणायचीस. तुझ्या प्रत्येक कपड्यात ती दोन्ही बाजूंना बोटबोट असायची.

मग तुला गिळायला त्रास होऊ लागला. आधी भाकरी, मग भात, मग पेज. मी तुला वापीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरने तुला बाकावर बसवून मला बाहेर बोलावलं आणि काय आहे ते सांगितलं. मी परत आले तेव्हा तू विचारलंस, "काय म्हणतो?" मी म्हटलं, "सूज आहे, गोळ्या दिल्यात." तू मान हलवलीस. रिक्षात तू माझा हात धरून बसली होतीस आणि मला वाटत होतं, तुला कळलं नाही. आता वाटतं, मला वाईट वाटू नये म्हणून तू कळलं नाही असं दाखवलंस.

तू बारीक होत गेलीस. तुझे सगळे ब्लाऊज खांद्यावरून उतरायला लागले, बाह्या पंख्यासारख्या हलायच्या. दर शनिवारी मी यायचे तेव्हा तू एक तरी ब्लाऊज काढून ठेवलेला असायचा. "बाय, हा जरा दोन्ही कडांनी आत घे ना. माझे हात थरथरतात, टीप वाकडी जाते." आणि मी दर वेळी काहीतरी सांगून टाळायचे. पुढच्या शनिवारी करते. तू बरी झालीस की परत अंगाने भरशील, मग पुन्हा उसवत बसायचं का? तू म्हणायचीस, "उसवायला काय लागतं? माया ठेव आत." पण मी हात लावला नाही. तुला ब्लाऊज किती आत घ्यावा लागेल ते मापाने बघायची माझी हिंमत नव्हती. टेप तुझ्या छातीभोवती धरली असती तर आकडा दिसला असता. तू मग सेफ्टीपिना लावायला लागलीस. पाठीकडे तुझा हात पोचायचा नाही, म्हणून पुढूनच, काखेत. तुला आंघोळ घालताना मला तिथे पिन टोचल्याच्या खुणा दिसल्या. मी त्यावर खोबरेल तेल लावलं. ब्लाऊज मात्र आत घेतला नाही.

त्याच दिवसांत मामाच्या मुलीचं लग्न ठरलं. ती तुझी लाडकी, लहानपणी सुट्टीत आपल्याकडेच असायची. तिच्या हळदीचं पोलकं तू शिवलंस. आजीची पिवळी साडी तू इतकी वर्षं पेटीत जपली होतीस, ती कापलीस. अर्धा तास बसायचीस, मग आडवी व्हायचीस, पुन्हा उठायचीस. आठ-दहा दिवस लागले तुला. एरवी तू एका दुपारी दोन ब्लाऊज हातावेगळे करायचीस.

लग्नाचा दिवस. मी आदल्या दिवशीच तुझ्याकडे आलेली आहे. सकाळचं ऊन ओटीवर आलंय, मी केस विंचरतेय. तू जांभळी साडी आणि तिच्यावरचा ब्लाऊज घेऊन माझ्यापुढे येतेस.

"बाय, एवढा घे ग. दोनच टिपा. मग मी तयार होते."

"आई, मला साडेनऊला निघायचंय."

"मी पण येते ना. अक्षता टाकू नि येऊ परत. चारोटीच्या थोडं पुढं तर जायचं."

"डॉक्टरांनी प्रवास नको सांगितलाय."

डॉक्टरांनी तसं काही सांगितलं नव्हतं. तू म्हणालीस, "मला सांगितलं नाय ते." आणि मग मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "तू आलीस तर सगळे तुझ्याकडेच बघत बसतील. कशी झालीस ते बघून बायका रडायला लागतील. तिच्या लग्नात हवंय का हे?"

तू ब्लाऊजची घडी घातलीस. नीट, हुक आत दुमडून. "बरं," म्हणालीस. "जा तू. माझ्या वाटच्या पण अक्षता टाक."

मी गेले. लग्नात जेवले, मामीने आग्रह केला तशी जिलबी दोनदा घेतली. कुणी तुझी चौकशी केली की म्हणायचे, सुधारतेय. खरंच सांगते आई, तिथे चार तास मला बरं वाटत होतं, कारण तिथे तू आजारी नव्हतीस.

पाचच्या सुमाराला घरी आले तर तू मशीनला टेकून झोपलेली. अंगावर जांभळी साडी, केस विंचरलेले, आणि ब्लाऊज तुला अगदी बरोबर बसलेला. खांद्यावरून उतरत नव्हता, बाह्या हलत नव्हत्या. थरथरत्या हाताने तू तो एकटीने घेतला होतास. मला बघून ओशाळल्यासारखी हसलीस. "बघत होते घालून, बसतो का. बसला की नाय?" मी म्हटलं, "कशाला ही दगदग?" बसला, इतकंही म्हटलं नाही मी. तू विचारलंस, नवरी कशी दिसत होती, हळदीचं पोलकं गळ्यात ओढत तर नव्हतं, अक्षता टाकल्यास का माझ्या. मी हो म्हटलं. मला आठवणही राहिली नव्हती.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तू गेलीस. आम्ही तुला त्याच साडीत आणि त्याच ब्लाऊजमध्ये नेलं, कारण दुसरा कुठलाच तुझ्या अंगाला बसत नव्हता.

बारावं झाल्यावर शेजारच्या काकू ओटीवर येऊन बसल्या. त्या म्हणाल्या, "तुला सांगू नको म्हणाली होती तुझी आई. पण आता काय! लग्नाच्या दिवशी ती रस्त्याला उभी होती ग. जांभळी साडी नेसून. मी विचारलं, कुठं? तर म्हणाली, भाचीचं लगीन हाय, पोरगी पुढं गेली, मी मागनं जाते. दोन रिक्षा भरलेल्या गेल्या. तिसरी थांबली, तर हिचा पायच वर जाईना. रिक्षावाला हात द्यायला उतरला. ही म्हणाली, राहू दे भाऊ, माझ्यापायी बाकीच्यांना उशीर. मग दगडावर बसून राहिली. मीच धरून घरी आणली."

तुझ्याकडे फोन होता, आई. त्यात पहिला नंबर माझाच होता. तू लावला नाहीस. मी त्या दिवशी घरी येऊन फोन बघितला असता तरी त्यात काही दिसलं नसतं. मी अजून चारोटीच्या रस्त्याने जाताना तुझा तो दगड ज्या बाजूला आहे, त्या बाजूच्या खिडकीत बसत नाही.

गेल्या रविवारी मामाची मुलगी इथे आली होती, तिच्या मुलीला घेऊन. ती पोरगी आता तेरा वर्षांची आहे. पिशवीतून मामाच्या मुलीने ते पिवळं पोलकं काढलं. "ताई, हिच्या शाळेत गॅदरिंग आहे. हिच्या मापाचं करून देशील? दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला जीव होत नाही." मी खिडकीशी बसून एकेक टाका कापला. गळ्याची शिवण तुझ्या नेहमीच्या हातची नव्हती. तीन ठिकाणी टीप वाकडी गेलेली, उसवून पुन्हा मारलेली, सुईची जुनी भोकं दिसत होती. मी मान वर केली नाही, कारण दोघी समोर होत्या.

तेवढ्यात तिने विचारलं, "ताई, एक सांगशील? आत्या माझ्यावर रागावली होती का? एवढं पोलकं शिवून पाठवलं आणि लग्नाला आली नाही. अजून मनातून जात नाही माझ्या." मला तेव्हा सगळं सांगता आलं असतं. मीच तिला येऊ नको म्हटलं, तरी ती निघाली होती, रस्त्यापर्यंत आली होती तुझ्यासाठी. एवढं ऐकलं असतं तर तिचं इतक्या वर्षांचं दुखणं गेलं असतं. तोंडापर्यंत आलं होतं. मी सुईत दोरा ओवला आणि म्हटलं, "रागावली नव्हती ग. तिलाच नको वाटलं यायला."

लग्नाच्या दिवशी मांडवातही मी तिला हेच सांगितलं होतं. आई नको म्हणाली. तेव्हा तू घरी जिवंत होतीस, आता नाहीस, आणि मी अजून तुझ्यावरच ढकलते. पुढच्या रविवारी ती पोलकं न्यायला येणार आहे. तिने पुन्हा विचारलं तर खरं सांगेन असं लिहायला बसले होते, पण ते माझ्याने लिहवत नाही.