मिरचीचं डेचकं

वाक्वा, मॉरिशस
१२ जून १९९३

चि. परमूस,

अ. उ. आ. वि. वि.

इकडे सर्व ठीक. भुरभुर थांबत नाही, दोरीवरचे कपडे वाळत नाहीत आणि आईचे गुडघे बोलायचे थांबत नाहीत. तुझी, नोएलाची आणि छोट्या अनिताची खुशाली कळव. तुला पत्र लिहायचं म्हणजे हात मोडतात हे ठाऊक आहे, तरी कळव.

आता मुख्य बातमी. ऑगस्टच्या सुट्टीत मी, दोन्ही मुलं आणि आई, होय, आईसुद्धा, रॉद्रिगला येतोय. तुझ्या देवराजदाजींच्या कारखान्यात ऊस तोडणीचा हंगाम, त्यांना रजा नाही. समुद्राकाठी आन्स-ओ-झांग्लेला स्वयंपाकघरासकट एक घर आठवड्यासाठी भाड्याने घेतलंय. हॉटेलात राहायला आपण काही साखर कारखान्याचे मालक नव्हे. डाळ, तांदूळ, लोणचं, अगदी काड्यापेट्यासुद्धा इथून आणणार. तुमच्या बेटावर सगळंच महाग, असं ऐकते.

विमानात सामान फार घेऊ देत नाहीत, म्हणून भांड्यांचा खोका जहाजाने तुझ्या नावावर पाठवते आहे. तो धक्क्यावरून सोडवून आमच्या घरी पोचता कर. एवढं एकच काम सांगते आहे.

तुझ्याकडे का उतरत नाही म्हणून विचारशील. तुझं घर लहान, नोएलाला नोकरी, त्यात आमची चार माणसांची धाड. उगाच गैरसमज करून घेऊ नकोस.

लोभ आहे तेवढा असू दे, वाढवायचा की नाही ते तिथे आल्यावर बघू.

तुझी,
दमयंतीताई


मों लुबें, रॉद्रिग
२७ जून

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आई येतेय हे वाचून मी शाळेतून धावत घरी आलो. पुढचं वाचून ओसरीवर बसून राहिलो.

गैरसमज करून घेऊ नकोस असं तू लिहिलंस, तेव्हाच काय ते समजलो. ताई, फुकटचं घर सोडून भाड्याचं घर घेणारी काटकसर मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहतो आहे. मागे एक खोली मी आणि नोएलाने मिळून बांधली. सिमेंटच्या गोण्या दोघांनी चढावरून वाहिल्या. ती पाहुण्यांची खोली आहे. आजवर तिथे नोएलाच्या आईखेरीज कुणी पाहुणा झोपलेला नाही.

सोबतची चिठ्ठी आईला वाचून दाखवू नकोस.

चिठ्ठी: सरळ विचारतो, सरळ सांग. आईला नोएलाच्या चुलीवरचं अन्न चालत नाही, हेच ना? आमच्याकडे डुकराचं मांस शिजतं, ऑक्टोपस दोरीवर वाळत असतो, मान्य. इथली माणसं तेच खातात, मीही खातो. लग्नाला आली नाही. त्या घरात पाण्याचा घोटही घेणार नाही असं ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली होती, तेही मी विसरलो. पण अनिता आता सहा वर्षांची आहे. आजी आपल्या बेटावर येऊन परक्या माणसांच्या घरात का राहणार, असं ती विचारते. मी काय सांगू? की ताईने हिशोब केला आणि तो स्वस्त पडला?

रागाने लिहिलंय, पण खोटं नाही. देवराजदाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
परमानंद


वाक्वा
८ जुलै

चि. परमूस,

अ. आ. वि. वि.

तू मला बोल लाव, ती मला बोल लावते, देवराज भाड्याची पावती बघून उसासे टाकतात. अडकित्त्यातल्या सुपारीने कुणाकडे तक्रार करायची? होय, तेच कारण आहे. आई म्हणाली, चूल माझी आणि भांडी माझी असतील तरच येईन. एवढं तिच्या तोंडून काढायला मला दोन वर्षं लागली. तुला काय वाटलं, मला समुद्र बघायची हौस आलीय? समुद्र आम्हाला इथेही आहे.

आणि ऐक. बाबा गेल्यापासून ती मांस-मासळीला शिवत नाही, तिचा नेम आहे, त्यावर वाद नको. पण तिला खरी टोचणी वेगळीच आहे. तू नोकरीसाठी तिकडे गेलास तेव्हा तिने स्वतःचं ओतीव डेचकं तुझ्या हाती दिलं होतं. तिच्या सासूचं. पोराने उपाशी राहू नये म्हणून. आता त्यात काय काय शिजत असेल, असं ती जेवता जेवता मध्येच म्हणते आणि हात धुऊन उठते. कुठे आहे रे ते? हे तरी कळव.

खोका गेला. त्यात तिने पाटा-वरवंटाही घातला होता. घरचा मसाला घरच्या दगडावर, म्हणे! काळा दगड, उचलताना कंबर मोडते. जहाजाचं भाडं वजनावर. ती देवळात गेली तेव्हा मी तो गुपचूप बाहेर काढून मोरीमागे लपवला. तिला सांगितलं नाही. तूही सांगू नकोस.

परमू, मी हात जोडते. आठवडाभर तोंड गोड ठेव. ती येतेय एवढं पुरे मान.

माया आहे, अंत पाहू नकोस.

दमयंतीताई


आन्स-ओ-झांग्ले
गुरुवार, बस कंडक्टरच्या हाती

चि. परमूस,

आशीर्वाद नंतर. खोका कुठे आहे?

विमानतळावर आलास, हार घातलास, आईने अनिताला जवळ घेऊन तिचे केस विंचरले, सगळं छान झालं. मग तू निघून गेलास आणि खोका उद्या येतो म्हणालास. तो उद्या उलटून गेला. इथल्या कपाटात भांडी आहेत, पण पहिलंच झाकण उघडलं तर माशाचा वास. आईने नाकाला पदर लावला तो अजून काढलेला नाही. केळी आणि बिस्किटं यांवर आहे. माझी पोरं त्याच भांड्यात शेवया उकडून खातात आणि आजीसमोर खातो म्हणून चोरासारखी तोंड पुसतात. वारा असा की काड्यापेटीतल्या निम्म्या काड्या फुकट जातात. नळाला पाणी येतं तेव्हा आम्ही समुद्रावर असतो आणि आम्ही घरात असतो तेव्हा नळ खोकतो.

सुट्टी म्हणे! एवढे पैसे घालून मी वाक्वाचं स्वयंपाकघर सोडून दुसऱ्या स्वयंपाकघरात येऊन बसले, तेही भांड्यांवाचून.

आज संध्याकाळच्या बसने खोका पाठव. नाहीतर मला तोंड दाखवू नकोस.

ताई


मों लुबें
शुक्रवार, त्याच कंडक्टरच्या हाती

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

खोका माझ्या ओसरीवर आहे. कुलूप, दोरी सगळं शाबूत. पण मी तो पाठवणार नाही. ज्याला हवा त्याने येऊन न्यावा. रविवारी नोएला चर्चमधून लवकर येते. आईला घेऊन ये. ती माझ्या घरात पाणीही पिणार नसेल तर राहू दे. पण माझं दार तरी बघेल.

चिडलीस तर चिड. तुझ्याकडूनच शिकलोय, साखर गोड बोलून मिळत नाही तेव्हा डबाच उचलून न्यावा.

डेचक्याचं विचारलं होतंस. ते आहे. आलीस की दिसेलच, आणि त्याचीच मला भीती वाटते.

तुझा,
परमू


आन्स-ओ-झांग्ले
सोमवार

श्री. देवराज यांस,

स. न. वि. वि.

तुम्ही तिथे ऊस मोजताय, मी इथे काय भोगलं ते ऐका. तुमच्या मेव्हण्याने खोका अडवून ठेवला. आई उपाशी, म्हणून काल सगळी वरात बसने डोंगरावर.

नोएला इस्त्रीचा झगा घालून फाटकात उभी. आईने तिला नमस्कार केला, अगदी सरकारी. ओसरीच्या कडेला टेकली आणि खोका उचला म्हणाली. तेवढ्यात तिचं लक्ष पायरीशेजारी गेलं. तिथे तिचं डेचकं होतं. काठाचा पोचा मी लहानपणी पाडलेला, मीही लगेच ओळखलं. आत काठोकाठ माती आणि मातीत मिरचीचं झाड, बारक्या लाल मिरच्यांनी लगडलेलं.

अहो, आईचा पट्टा सुटला तो असा की शेजारची कोंबडीसुद्धा पळाली. सासूने मला दिलं, मी पोटच्या पोराला दिलं, आणि यांनी त्यात माती भरली, पोराचीही माती केली आणि माझीही. परमू क्षमा मागायला लागला. मला वाटलं, संपलं, आता ही बाई परतीच्या विमानापर्यंत केळ्यावरच जगणार.

मग नोएला बोलली. इथल्या क्रेओल बोलीत, हळू, पण मान खाली न घालता. म्हणाली की ते तुमचं भांडं, म्हणून माझ्या घरात त्यात मांस कधी गेलं नाही. लग्न झाल्यापासून आकड्याला टांगून ठेवलं होतं, दर शनिवारी घासत होते. पाच वर्षं वाट पाहिली. कुणी आलं नाही. रिकामं भांडं बघून बघून जीव विटला, तेव्हा मिरची लावली. म्हटलं, निदान काहीतरी येऊ दे त्यात.

मला रडू आलं, पण आईच्या भीतीने गिळलं. आईने एवढंच विचारलं की मांस कधीच नाही ना. नोएला नाही म्हणाली. आई स्वतःशीच पुटपुटली, मातीने कधी काही विटाळत नाही. आणि खुरपं मागितलं.

झाड मुळांसकट काढून दुधाच्या पावडरीच्या डब्यात लावलं. डेचकं घेऊन अंगणात बसली. राख आणि नारळाची शेंडी. रागारागाने घासत होती, परमूवर, नोएलावर, माझ्यावर, बहुतेक स्वतःवरही. इथे पाणी आठवड्यातून कधीतरी येतं, टाकीच्या तळाशी होतं तेवढंच. ते तिने एकेक बादली ओतलं. परमूचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण नोएला गुपचूप भरून देत होती.

अंगणातच तीन काळे दगड मांडून चूल पेटवली. लाल घेवडा टाकला. मग वाटणासाठी खोका उघडला, आणि पाटा नव्हता. तिने माझ्याकडे बघितलं. अहो, धरणी दुभंगती तर बरं झालं असतं. आता ओरडेल म्हणून मी डोळे मिटले. तिने हाक मारली, नोएला! आजवर तिने हे नाव तोंडात घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. तुझ्या दगडावर त्या मिरच्या वाट म्हणाली. नोएला इस्त्रीच्या झग्यातच गुडघ्यांवर बसली आणि वाटल्या. आईने बोटाने चाखलं. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

म्हणाली, मीठ कमी आहे.

मग आम्ही ओसरीवर जेवलो. आईने घेवडा दुसऱ्यांदा वाढून घेतला, त्या मिरचीच्या गोळ्याबरोबर. अनिता तिच्या मांडीला टेकून.

आता माझं दुःख ऐका. आई तिथेच राहिली. पाहुण्यांच्या खोलीत. मुलंही तिथेच. भाडं आगाऊ दिलेलं, परत मिळत नाही, म्हणून मी एकटी या घरात येऊन झोपले आहे. एवढ्या खटपटी, जहाज, खोका, सगळं पाण्यात. कुणावर ओरडावं तेही कळत नाही. आणि आनंद झालाय तोही सांगवत नाही.

प्रकृतीस जपा. माझी आठवण येते का ते लिहा, खोटं लिहिलंत तरी चालेल.

आपली,
दमयंती


मों लुबें
१९ सप्टेंबर

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि.

तुम्ही पोचल्याचं पत्र मिळालं. टाकी अजून भरली नाही, त्याचं पाप आईच्या माथी. मिरचीला डबा मानवला नाही, पानं गाळून बसली आहे.

तुझा भांड्यांचा खोका इथेच राहिला. जहाजाने परत पाठवायचा तर तुझ्या काटकसरीचा जीव जाईल. काय करू ते कळव.

डेचकं पुन्हा आकड्याला टांगलंय. हे आईला मुद्दाम वाचून दाखव. नोएलाने निरोप दिला आहे की या वेळी ती एकच वर्ष वाट पाहील. मग त्यात टोमॅटो लावील. थट्टेत म्हणाली, पण ताई, तोंड फिरवून म्हणाली.

आईच्या पायांवर डोकं. तुझ्यावर राग नाही, थोडा होता तो घेवड्याबरोबर खाल्ला.

तुझा,
परमू


वाक्वा
४ ऑक्टोबर

चि. परमूस,

अ. आ. वि. वि.

निरोप वाचून दाखवला. आईने पत्र पुन्हा वाचायला लावलं आणि मग म्हणाली, लिही. परमूला नाही, तिला. खाली तिचेच शब्द, मी काहीही घातलेलं नाही. नोएलाला तूच तिच्या भाषेत सांग, आणि सांगताना घसा साफ कर.

ताई

चि. सौ. नोएला हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

खोक्यातली भांडी तुला ठेव. त्यात काय शिजवतेस ते मी विचारणार नाही. डेचकं आकड्याला टांगू नकोस. त्यात घेवडा करत जा आणि अनिताला त्यातलंच वाढ. मी डिसेंबरात येते. भाड्याचं घर नको, खोका नको, दमयंतीलाही तिचे हिशोब घेऊन घरीच बसू दे. आता माझे हात दुखतात, या खेपेला मी चुलीपाशी बसणार नाही.

तू रांध. मी जेवते. मीठ जरा जास्त घाल.

तुझी,
आई