दुसऱ्या खेळाडूचं अंगण

शनिवार, १४ मार्च
सकाळ

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार. आठ अंगांत गुडघेही मोजतात आणि माझे गुडघे हल्ली कुणापुढे वाकायला राजी नसतात. तेव्हा सात अंगांवर भागवून घ्यावं.

इकडे ठीक. कॉलेजचे पेपर तपासून झाले. ‘सुभाषित म्हणजे काय’ या प्रश्नाला एका विद्यार्थ्याने ‘ज्याने आजी आपल्याला गप्प करते ते’ असं उत्तर लिहिलंय. मी पूर्ण गुण दिले. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने नवं यंत्र घेतलंय. ते सुरू झालं की माझ्या टेबलावरची पेनं आपोआप खिडकीकडे सरकायला लागतात. घरात बाकी हलणारं कुणी नसल्यामुळे मी त्यांच्याकडे कौतुकाने बघत बसते.

तुझी तब्येत कशी आहे, असं इथे विचारायची पद्धत आहे. मी विचारत नाही. कारण पुढे येईल. ते यावं अशी माझी फारशी इच्छा नाही, पण येईल.

आधी आपल्या खेळाविषयी. तुला जे माहीत आहे तेच पुन्हा सांगणार आहे, पण माहीत असलेलं पुन्हा सांगणं हा माझा पेशाच आहे. तू आठवडाभर लोकांना भूल देऊन झोपवतोस आणि रविवारी दुपारी स्वतः काही झोपत नाहीस. त्या दुपारी काय करावं, या विवंचनेतून तू मला हा अंतराळातला खेळ शिकवलास. तू तुझ्या घरी, मी माझ्या घरी, आणि दोघं एकाच आकाशगंगेत. एकेका ताऱ्यापासून सुरुवात करायची, ग्रह वसवायचे, यानं बांधायची आणि शेवटी एकमेकांचं नाक कापायचं. तुझ्या राजधानीचं नाव कायम ‘वेटिंग रूम’. पहिलं वर्षभर तू मला इतक्या प्रेमाने हरवत होतास की रागही धरता येईना. ‘काय गं शास्त्रीणबाई, तुझं आरमार आज समास सोडवत बसलंय का?’

मग मी नकाशात हात घातला. प्रत्येक डावाला संगणक नवी आकाशगंगा घडवतो. तारे किती, कुठल्या ताऱ्यापासून कुठल्या ताऱ्याला वाट, राहण्याजोगे ग्रह किती, राखणदार राक्षस कुठे, हे सगळं एका साध्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं आणि ते बदलता येतं. खेळणारी मंडळी याला ‘मॉड करणं’ म्हणतात. मी ती फाईल उघडली आणि मला माहेरी आल्यासारखं वाटलं. आधी सर्वसाधारण नियम, मग त्याला अपवाद, आणि जिथे दोघांची गाठ पडेल तिथे अपवाद वरचढ. जन्मभर मी दुसरं शिकवलंय काय? मूळ आकाशगंगा भारी कंजूष होती. मी राहण्याजोगे ग्रह वाढवले, राक्षस कमी केले, ताऱ्यांना आपली नावं दिली. सगळं तुला सांगून. तू म्हणालास, ‘कर बाई. ब्रह्मदेवाची जागा नाहीतरी रिकामीच होती.’

इथवर लिहायला सोपं गेलं. आता शिंप्याचं यंत्रही थांबलंय.

डिसेंबरपासून तू हरायला लागलास. पहिल्यांदा हरलास तेव्हा तू ऑपरेशन थिएटरमधल्या सगळ्यांना सांगितलंस. तुमच्या सर्जनबाईंनी मला मुद्दाम फोन केला. ‘अहो, या माणसाला हरवणारं कुणीतरी आम्ही कधीपासून शोधतोय.’ मागून तुझा आवाज, ‘धुतलं हो तिने मला, अगदी पिळून वाळत घातलं!’ इतक्या आनंदाने हरलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी गप्प राहिले. तुम्हा सगळ्यांना तो विनय वाटला.

पुढच्या एका डावानंतर तू विचारलंस, ‘काय गं, नकाशात काही गडबड नाही ना? मला घरातून बाहेर पडायला एकच वाट दिसते, आणि तिच्यावर तो राक्षस पाय पसरून बसलेला.’

मी म्हणाले, ‘दादा, नाचता येईना...’

‘...अंगण वाकडं,’ तू म्हण पुरी केलीस आणि हसलास. ‘खरंय बाई, खरंय.’

मीही हसले. आपल्या दोघांपैकी तुझं हसू खरं होतं.

नंतर तू विनोद करेनासा झालास. तुझी पाळी आली की इतका वेळ घ्यायचास की मी मध्ये उठून भांडी घासून यायची. ‘वाट असणारच गं,’ तू म्हणायचास, ‘हा खेळ कुणालाच कोंडून घालत नाही. मलाच दिसत नाहीये.’ आणि एकदा म्हणालास, ‘बाबांना शेवटी शेवटी बाथरूमचं दार दिसायचं नाही, आठवतं? समोर असायचं.’

मी म्हणाले, ‘काहीतरीच काय!’ आणि माझी पाळी खेळले.

बुधवारी वहिनीचा फोन आला. एरवी ती मला नावाने हाक मारते. ‘वन्सं’ म्हणाली म्हणजे प्रकरण गंभीर. ‘वन्सं, तुमच्या बंधुराजांनी सोमवारचा मुहूर्त धरलाय.’

‘कसला?’

‘राजीनाम्याचा. हॉस्पिटलात नेऊन देणार आहेत. स्वतः काढलेला डोस सिस्टरकडून दोन-दोनदा तपासून घ्यायचे, तिथवर मी काही बोलले नाही. मग लहान मुलांच्या केसेस घेणं बंद केलं. आता म्हणतात, सगळंच बंद. मी म्हटलं, अहो, त्या संगणकातल्या राक्षसाने खाल्लं म्हणून कुणी नोकरी सोडतं का? तर म्हणाले, तुला नाही कळायचं, माझा हिशेब चुकायला लागलाय. तुमचं ऐकतील ते. तुम्ही बोला.’

गुरुवारी मी तुला फोन केला तो हे सगळं सांगायलाच. तोंडही उघडलं होतं. पण माझ्या आवाजावरून तू काहीतरी ताडलंस, आणि भलतंच ताडलंस. ‘तू मनाला लावून घेऊ नकोस हं,’ तू म्हणालास. ‘उलट तुझे आभार मानायला हवेत. तुझ्यामुळे वेळेत कळलं. एखादं माणूस टेबलावरून उठलंच नसतं आणि मग कळलं असतं, तर?’

मी म्हणाले, ‘अं.’

इतकी वर्षं संस्कृतचे वर्ग गाजवणाऱ्या बाईला त्या क्षणी एवढं एकच अक्षर सुचलं. मग तू मला जेवण झालं का ते विचारलंस, मी हो म्हणाले, आणि फोन ठेवला. जेवण झालं नव्हतं.

दादा, वाट नव्हती. तुला दिसत नव्हती असं नाही. ती नव्हतीच. अंगण वाकडं होतं आणि ते मी वाकडं केलं होतं.

कसं, तेही सांगते, म्हणजे मी तुझी समजूत घालायला रचून सांगतेय असं तुला वाटणार नाही. फाईलमध्ये दोन्ही खेळाडूंच्या मूळ ताऱ्याला एकच नियम असतो. तिथून निदान तीन वाटा निघाव्यात, आसपास राहण्याजोगे चार-पाच ग्रह असावेत, राक्षस लांब असावा. त्या नियमाखाली मी एक अपवाद लिहिला, फक्त दुसऱ्या खेळाडूसाठी. वाट एक, ग्रह एक, राक्षस वाटेवरच. डाव माझ्या संगणकावर मांडतो, म्हणून पहिली खेळाडू मी आणि दुसरा कायम तू. दर रविवारी आकाशगंगा नवी, तारे नवे, नावं नवी. आणि तू मात्र दर रविवारी त्याच बोळात जन्माला यायचास.

तरीसुद्धा दोन वेळा तू मला हरवत आणलं होतंस. एका ग्रहाच्या जिवावर, एका वाटेने. असा खेळणाऱ्या माणसाचा हिशेब चुकत नसतो, एवढं कळायला मला कुठल्या शास्त्राची गरज नव्हती. मी काय केलं? फाईल उघडून राक्षसाचं बळ वाढवलं.

का केलंस, असं तू विचारशील. त्याला माझ्याकडे एक उत्तर तयार आहे. मत्सर. तू सायकल आधी शिकलास, पोहायला आधी शिकलास, बुद्धिबळात मला कधी एक प्यादंही फुकट दिलं नाहीस, वगैरे. हे उत्तर खोटं नाही. पण ते मी पुढे करतेय, कारण ते दिसायला बरं आहे. शेंडेफळाच्या मत्सराला लोक हसून सोडून देतात.

खरं कारण असं. नोव्हेंबरात वर्गात एक श्लोक शिकवत होते. झोपेतून उठवलं तरी म्हणेन असा. पहिला चरण म्हटला आणि पुढे काहीच नाही. पुसलेल्या फळ्यासारखं. पहिल्या बाकावरच्या मुलीने हळूच दुसरा चरण सांगितला. मी म्हणाले, ‘शाबास! बघत होते, पाठ आहे का तुमचं.’ वर्गाला ते पटलं. मला नाही पटलं. जिन्याचा कठडा धरून खाली उतरले, आणि उतरताना तो श्लोक अख्खाच्या अख्खा, आगाऊ पाहुण्यासारखा, परत आला.

त्या रविवारी तू मला हरवलंस आणि सहज म्हणालास, ‘अगं, मागच्या डावातलीच चूक पुन्हा केलीस?’ मला मागच्या डावातली चूक आठवत नव्हती. मागचा डावही धड आठवत नव्हता. तू भूलतज्ज्ञ. माणूस शुद्धीत किती आहे हे ओळखण्यात तुझी हयात गेली. आणखी दोन-तीन रविवारी तुझ्या लक्षात आलं असतं. मला जिंकायचं नव्हतं रे. तू स्वतःच्या हरण्यात गुंतावंस आणि माझ्याकडे बारकाईने बघू नयेस, एवढंच हवं होतं. म्हणून तो अपवाद लिहिला. बाबा माझेही होते, दादा. माझी भीती उचलून मी तुझ्या दारात ठेवली, आणि तू नेहमीसारखाच, ती कुणाची हे न विचारता घरात घेतलीस. वर माझे आभार मानलेस.

आता नीट ऐक. तुझं डोकं ठणठणीत आहे असं या पत्राने सिद्ध होत नाही. तसं लिहायचा मोह झाला होता. एक अख्खा कागद तसा लिहून फाडलाही. पण तुझ्या टेबलावर माणसं झोपतात आणि त्यांना परत उठायचं असतं, तेव्हा तिथे माझी गोड वाक्यं चालणार नाहीत. सिद्ध एवढंच होतं की तू ज्या साक्षीदाराच्या भरवशावर स्वतःला दोषी ठरवलंस तो फितूर होता. तपासायचंच असेल तर ज्याला त्यातलं कळतं त्याच्याकडून तपासून घे. आणि जाशील तेव्हा मलाही घेऊन जा. मला एकटीने जायची भीती वाटते. हे एवढंसं वाक्य मी नोव्हेंबरातच तुला म्हणाले असते, तर बाकीचं काहीच लिहावं लागलं नसतं.

पोस्टात टाकलं तर हे पत्र सोमवारनंतर पोहोचेल. फोनवर सांगायला गेले तर दुसऱ्या वाक्याला तू मला माफ करशील आणि तिसऱ्या वाक्याला मी विनोद करीन, आणि तुझा राजीनामा होता तिथेच राहील. म्हणून पत्र मीच घेऊन येतेय. पाकीट वहिनीच्या हातात देईन आणि तुमच्या मजल्याखालच्या पायऱ्यांवर बसून राहीन. वहिनी आत ये म्हणेल, मी येणार नाही. तिलाही अजून काही ठाऊक नाही. वाचून झाल्यावर हे तिच्याही हातात दे. तुला सांगायची लाज वाटेल, आणि माझी लाज तू झाकावीस हे आता मला नको आहे.

दार उघडायची घाई करू नकोस. आज नाही उघडलंस तर मी समजेन, आणि उद्या पुन्हा येऊन बसेन. फक्त सोमवारचा तो कागद माझ्या नकाशाच्या आधाराने देऊ नकोस. द्यायचाच ठरला, तर तुझ्या स्वतःच्या कारणाने दे.

धाकट्यांनी पत्राच्या शेवटी आशीर्वाद मागायचा असतो. आज माझी छाती होत नाही.

जिन्यात बसलेली,
तुझी धाकटी