माझा शांत स्वभाव आणि कानातल्या सुया

३ मार्च
काल केमोचा दुसरा डोस झाला. पोटात पाणीसुद्धा ठरत नाही. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू ठेवा, जोडीला कानात बारीक सुया लावून बघा, काहींची मळमळ कमी होते. हसलो. गॅरेजमधल्या सगळ्यांचे कान आजवर मी टोचले, माझे कोण टोचणार? इच्छाशक्ती पुरेशी आहे. आजपासून उलटी बंद.

३ मार्च, दुपार
बंद नाही. बायकोने सूप आणलं. वाटी भिंतीवर गेली. फेकली नाही, हातातून जोरात सुटली.

६ मार्च
मेहुण्याने गाडीत कोंबून कानवाल्या बाईंकडे नेलं. सुई केसाएवढी. घाबरलो वगैरे नाही. बाईंचा हात कानाजवळ आला, तसा माझा आपोआप उठला. ट्रे खाली, कपाटाची काच फुटली. मेहुणा मध्ये पडला आणि त्याच्याच कानाखाली आवाज निघाला. ओठातून रक्त. चूक त्याची, मध्ये पडूच नये माणसाने. बायको म्हणाली, घरी चला. एवढंच. समजूतदार आहे.

९ मार्च
जन्मभर इंजिनं उघडली, एक कान जमणार नाही? शिवणाच्या डब्यातली सुई घेऊन आरशासमोर उभा राहिलो. पहिली बरोबर बसली बहुतेक. दुसरीला कान फाटला. चूक आरशाची, त्याला एक ठोसा दिला. काचा, रक्त, बायकोची किंकाळी. तेवढ्या वेळात मळमळ अजिबात जाणवली नाही. पद्धत यशस्वी.

१३ मार्च
ताप. कान वांग्यासारखा सुजलाय. हॉस्पिटलात भरती. डॉक्टर भडकले. पांढऱ्या पेशी कमी असताना असले उद्योग म्हणजे जिवाशी खेळ, म्हणाले. पुढचा डोस लांबणीवर. गाठ तोवर थांबेल का, असं विचारलं. ते फाइलमध्ये काहीतरी लिहायला लागले. सलाईनचा स्टँड आडवा झाला. माझा पाय लागला असेल.

२८ मार्च
डोस झाला. बायको म्हणाली, अहो, एकदाच चला. तिच्यावर उपकार म्हणून गेलो. हात मांड्यांखाली दाबून बसलो. बाईंनी न फाटलेल्या कानात सुया लावल्या. त्याआधी ट्रे माझ्यापासून लांब सरकवला. नीटनेटक्या असाव्यात. मुंगी चावल्यासारखं झालं, मग चक्क डोळा लागला.

३० मार्च
भात पोटात ठरला! उलटी नाही. शेवटी इच्छाशक्तीच. बायकोला सांगायला स्वयंपाकघरात गेलो, तर ओट्याला टेकून रडत होती. आनंदाने रडतेय असं धरून पाठीवर ठेवायला हात उचलला. तिने दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

मग हात खाली घेतले. म्हणाली, तुम्हाला उलटी होत असते तेव्हा तुमचे दोन्ही हात बेसिनला असतात. तेवढा वेळ मला भीती वाटत नाही.

बाहेर येऊन बसलोय. कडकडून भूक लागली आहे. तिला हाक मारायची हिंमत होत नाही.