इथे तिचं कोण?

धुळे, मंगळवार

वसतिगृहातल्या मुलींचे गट पाडून प्रत्येकाला एक पालक-प्राध्यापक नेमला, तेव्हा 'तापी' नावाचा गट माझ्याकडे आला. दर मंगळवारी मेसमध्ये मुलींसोबत जेवायचं. मी जेवते, त्या गप्प बसतात. एवढंच चाललंय.

आज माझ्या गटातल्या, पहिल्या वर्षाच्या वैशालीचे वडील साक्रीहून तिला कायमची घरी न्यायला आले. पोरगी फोनवर रडली होती म्हणे. मी म्हटलं, "भाऊ, होईल सवय."

"मॅडम, आठे तिनं कोन शे?"

"मी शे." माझ्या तोंडून निघून गेलं. माहेरची अहिराणी, कॉलेजात मी कधीच बोलत नाही.

"मंग सांगा, ती कसाले रडस?"

इतके मंगळवार समोर बसून मी तिला कधी विचारलंच नव्हतं. मग कुठल्या तोंडाने म्हणाले, मी शे?

शेवटी तिलाच विचारलं. म्हणाली, तासाला इंग्रजीत शिकवलेलं काही कळत नाही.

"कुणाच्या तासाला?"

"तुमच्याच, मॅडम."

वडील हसले. "मंग तुम्हीच शिकाडा तिले." आणि एकटेच बसने परत गेले.

उद्यापासून ती संध्याकाळी माझ्याकडे येणार. अहिराणीतून रसायनशास्त्र. रेणूला आमच्याकडे काय म्हणतात, मलाच ठाऊक नाही.